वरच्या वळणाचे मासे

४ फेब्रुवारी

फ्रिजमध्ये पुन्हा यांच्या गळाची गांडुळं! लोण्याच्या डब्याला खेटून. डब्याचं झाकण घट्ट आहे, म्हणे. लग्न झाल्यापासून यांना सांगते आहे, प्रश्न झाकणाचा नाही, शेजाराचा आहे. त्यावर हे हसले. हे हसले की माझं डोकं आणखी फिरतं.

संध्याकाळी भाची आली. धाकट्या बहिणीची लेक, नदीतल्या माशांवर पीएच.डी. करते. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. तिच्या स्लाइडी वाचणारी मैत्रीण नोकरी लागून निघून गेली आणि प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आली. "मावशी, तू वाचशील?" इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जन्मभर रक्ताच्या स्लाइडी वाचल्या मी. निवृत्त झाल्यापासून काय वाचते? औषधाच्या बाटलीवरची तारीख. हो म्हटलं. लगेच नाही — जरा ताटकळत ठेवलं. लगेच हो म्हटलं की माणसं गृहीत धरतात.

६ फेब्रुवारी

मायक्रोस्कोप आला. जेवणाचं टेबल गेलं. आता हे ताट मांडीवर घेऊन जेवतात आणि उसासे टाकतात.

काम सोपं, पण चिकट. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं — आपल्या नसतं, एवढं तरी मासे आपल्या पुढे आहेत. पाण्यातून क्रोम, कॅडमियम, शिसं असलं काही अंगात गेलं की आतले जनुकांचे धागे तुटतात. मग पेशी दुभंगताना तुटलेला तुकडा मागे राहतो आणि मोठ्या केंद्रकाशेजारी बारीक ठिपका होऊन बसतो. ते ठिपके मोजायचे. हजार पेशींत एखादा दिसला तर चालायचंच. पाच-दहा दिसायला लागले तर त्या माशाचं काही खरं नाही.

मासे दोन ठिकाणचे. एक, नळांना आणि बिजागऱ्यांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना आहे, त्याच्या खालच्या अंगाचे. ते भाचीने नावेतून जाळं टाकून धरले. दुसरे तुलनेसाठी, वरच्या वळणाचे, जिथे काही कारखाना-बिरखाना नाही. ते दिले यांनी! गळाने धरून, जिवंत, बादलीत. भाचीने मागच्या अंगणात बसून रक्त घेतलं. यांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण जाईल असं वाटलं. वळणावर नेमके कुठे बसता, म्हणून तिने नकाशा पुढे केला तर यांनी अख्ख्या वळणावर अंगठा ठेवला. "इथे कुठेतरी." गळ टाकणारा माणूस एक वेळ बँकेतला आकडा सांगेल, जागा नाही सांगणार. मला तरी कुठे सांगितली आहे!

कुठली स्लाइड कुठल्या माशाची हे मला कळू द्यायचं नाही असा नियम आहे. वर फक्त आकडा. कळलं की डोळा लबाडी करतो — हे मला भाची शिकवत होती. मला! ऐकून घेतलं.

७ फेब्रुवारी

वाचलं. मान दुखते. मजा आली.

११ फेब्रुवारी

समोरच्या वहिनी डोकावल्या. एवढा वेळ नळीत बघून काय दिसतं, म्हणाल्या. म्हटलं, माशांचं भविष्य. त्यांना खरंच वाटलं. मग यांनी कालचे दोन मासे त्यांना कागदात गुंडाळून दिले. अख्ख्या गल्लीत यांचा मान या माशांवर आहे. मी दिलेलं लोणी कोणाला आठवत नाही.

रंग चांगला बसलाय स्लाइडींना. भाचीचा हात स्वच्छ आहे. तिच्या आईचा कधीच नव्हता.

१८ फेब्रुवारी

संपल्या. आकडे लिहून दिले. वाईट स्लाइडी फार निघाल्या. इतक्या वाईट की दोनदा चष्मा पुसला. भाची म्हणाली, मी घरी जाऊन जुळवते. मी म्हटलं, सावकाश जुळव, आता मला कोणाचं तोंड बघायचं नाही. झोपते.

२० फेब्रुवारी

भाचीचा फोन. आवाज बारीक. वाईट निघालेल्या स्लाइडींतल्या निम्म्या कारखान्याखालच्या. ते ठीक. उरलेल्या निम्म्या वरच्या वळणाच्या! म्हणजे यांच्या. स्वच्छ पाण्यातले मासे घाणीतल्या माशांइतकेच बिघडलेले.

"कुठेतरी अदलाबदल झाली असेल," मी म्हटलं. ती म्हणाली, झालेली नाही, खुणा मीच केल्या होत्या.

हे वर्तमानपत्राआडून ऐकत होते.

२३ फेब्रुवारी

आज कॉलेजात गेले. भाचीच्या गाईडला, म्हणजे प्रबंधाच्या सरांना, भेटायला. सरांच्या वरच्या खिशात कंगवा असतो, बोलता बोलता त्याला हात लावून बघतात. मी त्यांना मनातल्या मनात कंगवा म्हणते, इथेही तेच लिहिणार.

कंगवा फार गोड बोलला. बसा, पाणी घ्या, जिने चढून आलात. मग म्हणाला, वयाचा मान राखून सांगतो, तुम्ही रंगाचे कण मोजलेत.

रंगाचे कण! हा मुलगा पाळण्यात होता तेव्हा मी नवशिक्यांना कण आणि ठिपका यांतला फरक शिकवत होते. कण पेशीच्या वर बसतो. बारीक चाक फिरवलं की पेशी पुसट होते आणि कण चमकतो. खरा ठिपका पेशीबरोबर दिसतो, पेशीबरोबरच जातो. हे मी त्याला सांगितलं. शांतपणे सांगितलं — जिन्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

त्याने स्वतः स्लाइडी पाहिल्या का? दोन "नजरेखालून घातल्या." नजरेखालून! कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, नजरेखालून घालायची ती जाहिरात, धडा नव्हे. इंग्रजीत म्हणायच्या, आणि हातात पट्टी असायची.

त्याचा खरा मुद्दा वेगळाच होता. "वरच्या वळणावरून तर शहराचा पाणीपुरवठा होतो, बाई. तिथले मासे बिघडलेले असणं शक्यच नाही. पाणी आम्ही तपासलंय, उत्तम आहे. मग राहिलं काय? वाचणाऱ्याचे डोळे."

आणि डोळे खोटे तर सगळंच वाचन खोटं, खालच्या माशांचंसुद्धा. नव्या माणसाकडून पहिल्यापासून वाचून घ्या. त्यात मुदत जाणार, शिष्यवृत्ती बंद होणार, मुलीची इतक्या वर्षांची मेहनत नदीत. माझ्यामुळे.

घरी आले तर बूट ओले, जाजमावर. यांचे. मी कितीतरी बोलले. सगळं बुटांवर काढलं.

२५ फेब्रुवारी

भाचीने त्याच स्लाइडी नवे आकडे घालून, उलटसुलट करून परत दिल्या. वाचते आहे. आता कोणी बोलायचं नाही माझ्याशी.

१ मार्च

तेच आकडे! एखाददुसऱ्याचा फरक, बाकी तेच. कंगव्याचं उत्तर काय? "तेच डोळे, तीच चूक."

या माणसाला कोणी गाईड केलं? त्याला घरचा रस्ता तरी सापडतो का?

३ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. हट्टाने. लेखी घेऊन कंगव्याच्या टेबलावर आपटायचं म्हणून. हे बरोबर आले, नको म्हटलं तरी.

डॉक्टर पोरगेलीशी, मला "आजी" म्हणाली. सोडून दिलं. उजवा डोळा उत्तम. डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात, काळजीचं कारण नाही, वयाप्रमाणे. मी तर एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपवर शिकलेली. आजही फक्त उजवा लावते! डॉक्टर म्हणाली, मग काही अडचण नाही. तसं लिहूनही दिलं.

पण "मोतीबिंदू" शब्द निघाला आणि यांनी माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. जिना उतरताना तर मी जशी काही काचेचीच. "अहो, मला पायऱ्या दिसताहेत," म्हटलं. "हो हो," म्हणाले. सूनबाईला फोन करून सांगत होते, हिला आता जपायला हवं. मी पलीकडच्याच खोलीत होते. कानांत मोतीबिंदू झालेला नाही.

५ मार्च

डॉक्टरचा कागद कंगव्याने वाचला. त्याला त्यातला "मोतीबिंदू" एवढाच शब्द दिसला. नव्याने वाचून घ्या, नाहीतर मी सही करणार नाही, असं भाचीला सांगून मोकळा.

७ मार्च

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

भाची दुपारी आली आणि स्वयंपाकघरात बसून रडली. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "मावशी, तुझे आकडे सोडून द्यायचे आणि गप नव्याने सुरुवात करायची, एवढंच उरलंय." मी चहा ठेवला. साखर समजून मीठ घातलं, रागाच्या भरात. तिने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. हे दारात उभे होते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या चहाच्या कपाकडे.

आणि म्हणाले, "ते मासे वरच्या वळणाचे नव्हतेच."

मी म्हटलं, म्हणजे?

"गुडघे दुखतात. तेवढं चढून जाववत नाही. बरेच दिवस झाले, मी कारखान्याच्या मागेच बसतो. नळातून कोमट पाणी येतं, मासे जमतात तिथे. हिचे डोळे बरोबर आहेत. मीच खोटं बोललो."

भाची उडी मारून उठली. रडता रडता हसायला लागली, काकांच्या गळ्यात पडली. बरोबर आहे. तिचं सगळं जागेवर आलं! घाणीतलेच मासे ते, घाणेरडे निघाले, वाचणारीने अंधारात बरोबर ओळखले. ती धावत कॉलेजात गेली.

मी काय धावणार? मी उभी होते. इतके दिवस कारखान्याच्या गटारातले मासे या घरात तळले मी. वहिनींना दिले. सुनेला डबा दिला, ती नको म्हणत असताना, वर चार शब्द ऐकवून.

बोलले. इतकं बोलले की शेवटी शब्द संपले आणि मी इंग्रजीवर गेले. हे खाली मान घालून उभे.

८ मार्च

कंगव्याचा फोन. स्वतःहून. "बाई, मानलं तुम्हाला. खोटा नमुना नुसत्या नजरेने पकडलात." नजरेखालून नाही घातला म्हणून पकडला, म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग यांची आठवण झाली आणि हसू गेलं.

१२ मार्च

तुलनेसाठी आता विहिरीच्या पाण्यावर मासे पोसणाऱ्या एका शेतातले मासे आणले. मी वाचले, कुठले ते न कळता. स्वच्छ. हजारात एखादा. सगळं कसं सरळ बसलं. कंगवा सही करणार. वीस तारखेला प्रबंध जाणार. भाची म्हणते, पहिल्या पानावर आभारात तुझं नाव. काकांचं नको ना, विचारलं तर तिने विषय बदलला.

१४ मार्च

वहिनींना सांगावंच लागलं. त्या यांच्याशी बोलत नाहीत. यांच्या देखत दार लावून घेतलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्यालाही यांनी वर्षभर मासे खिलवलेत, तो म्हणाला, "काका, आमच्या जिवावर तरी उठायचं नव्हतं." सुनेने फोनवर यांना काय सुनावलं देव जाणे. हे "हो बेटा, चुकलंच" एवढंच म्हणत होते.

मला याचाच संताप येतो. भांडत का नाहीत? जन्मभर आमटीत मीठ कमी म्हणून वाद घालणारा माणूस!

गळ माळ्यावर ठेवला. गांडुळं अंगणात सोडली. फ्रिज रिकामा दिसतो.

१५ मार्च

काही नाही. यांनी भांडी घासली. वाईट घासली.

१७ मार्च

ठरवलं की कारखान्यावर तक्रार करायची. कंगवा आणि भाची प्रबंधात लिहितील, चार माणसं वाचतील. मी नगरपालिकेत जाऊन बसणार. पण आधी ती जागा डोळ्यांनी बघायला हवी. न बघता लिहायची सवय मला नाही. यांना विचारलं, नेमकं कुठे बसत होता? "मागे," म्हणाले. मागे कुठे? "कशाला जातेस उन्हात." आणि पुन्हा माझा हात धरायला आले. झटकला.

१८ मार्च

गेले. एकटी. रिक्षावाल्याने फाटकापाशी सोडलं.

पुढे फाटक, मागे उंच भिंत, आणि भिंत सरळ नदीच्या पाण्यात उतरलेली. कडेला बसायला वीतभर जमीन नाही. तारा आहेत, काचा आहेत. आतून कुत्री भुंकत होती. चौकीदार बरा होता, मला खुर्ची दिली. त्याला म्हटलं, माझे यजमान इथे मागे गळ टाकून बसायचे, जागा बघायची आहे.

तो म्हणाला, "इथे? कोण बसणार इथे, आजी? मी लागलो त्याच्या आधीपासून ही भिंत आहे."

पलीकडच्या काठाने? तिथे नुसता चिखल, कमरेपर्यंत, म्हणाला. नावेतून? नाव कुठली यांच्याकडे! वर्णन केलं — कापडी टोपी, घडीचं स्टूल, गुडघा धरून चालतात. त्याने मान हलवली. मग मलाच समजावत म्हणाला, घरी नीट विचारा, म्हातारी माणसं विसरतात. नळाचं तोंडही पार पाण्याखाली आहे, वरून काही दिसत नाही.

रिक्षात बसून सारखा एकच विचार. गुडघे दुखतात ते खरं. पण इथे हे कधी आलेलेच नाहीत. मग एवढी बोलणी कशासाठी खाल्ली?

परत आले तेव्हा हे वहिनींच्या बंद दारासमोरचा आमचा भाग झाडत होते. विचारलं नाही. का कोण जाणे, धीर झाला नाही. मला!

१९ मार्च

सकाळी विचारलं. झाडू बाजूला ठेवून म्हणाले, "वरच्या वळणावरच बसायचो गं. तुझी शपथ. मला वाटलं, तुला खरंच दिसेनासं झालंय. डॉक्टर म्हणाली, मग चहात मीठ घातलंस. ते लोक पुन्हा तुला म्हणायला नकोत, की बाईचे डोळे गेले."

मी ओरडले. "अहो, माझे डोळे चांगले आहेत!" हे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग एकदम खाली बसले, पायरीवर.

मी पण शेजारी बसले. थोडा वेळच.

मग उठून भाचीला फोन केला. म्हटलं, उद्या प्रबंध देऊ नकोस, काकांचे मासे खरंच वरच्या वळणाचे होते, म्हणजे बिघाड तिथेच आहे. वरच्या वळणाचं नुसतं पाणी नको, तळाचा गाळ तपासायला हवा. काका वाट दाखवायला येताहेत.